कोपऱ्यातून बोलणारी

२ जुलै २०२५

शेवटी आणलं दोघांना. मुर्धा गावातून माझ्या पूनम सागरमधल्या फ्लॅटपर्यंत रिक्षाने यायला किती वेळ लागतो? मला मात्र हे अंतर कापायला बरीच वर्षं लागली.

परागच्या घरामागच्या खोलीत भर दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. आई आणि बाबा तिथे पलंगाच्या दोन टोकांना बसून असायचे. खिडकी नाही, बोलणारं कोणी नाही. पराग माझा धाकटा भाऊ. वाईट नाही तो, ताट वेळेवर देतो. मी त्याला म्हटलं, "तू त्यांना अन्न देतोस, शब्द देत नाहीस. माणूस उपासाने मरायच्या आधी अबोल्याने मरतो." 'म्हातारपण ही शिक्षा नाही' या माझ्या व्याख्यानातलं वाक्य आहे हे. लातूरला त्यावर टाळ्या थांबत नव्हत्या. पराग म्हणाला, "शब्द तुझ्याकडे होलसेलमध्ये आहेत ना ताई? मग जा घेऊन."

घेऊन आले.

ठरलंय ते असं. दिवाळीपर्यंत दोघं माझ्याकडे. त्याआधी आईची तब्येत घसरली तर पराग तिला काशीमीऱ्याच्या पुढे एका केंद्रात ठेवणार, तिथे अंथरुणाला खिळलेल्यांची 'सोय' होते म्हणे. ती सोय मी जाऊन बघितलीय. ओळीने खाटा, आणि खाटेच्या दांडीला चादरीने बांधलेले हात. माझ्या आईचे हात मी कुणाला बांधू देणार नाही.

९ जुलै

घर त्यांच्यासाठी नवं केलं. न्हाणीघरात धरायला दांडे, पाय घसरणार नाही अशी फरशी, बाबांची खुर्ची उंच करून घेतली. बाल्कनीला जाळी मारली, कारण कबुतरांच्या घाणीने म्हाताऱ्या माणसांची फुप्फुसं जातात. जेवण दोघांनाही अळणी, रक्तदाबामुळे. पहिल्या दिवशी बाबांनी एक घास खाल्ला, ताटाकडे बघत बसले आणि म्हणाले, "जलम मिठागरान पाय पोलले, आनि आता आमटीन मीठ न्हाय." मी त्यांना मिठाचं आणि हृदयाचं नातं नीट समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "बराबर."

आईला विसर पडत चाललाय. सकाळी मला 'उरमे' म्हणून हाक मारते, दुपारी परागची बायको समजते. डॉक्टर म्हणतात, हे वाढत जाणार. मी म्हणते, बोलत राहिलं तर वाढायचं थांबेल. आईचं सगळं आयुष्य आवाजात गेलंय. ती धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नांत भटजीच्या आधी तिचा मान. ती मांडवात बसून धवले गायची आणि घराण्यातल्या मेलेल्या माणसांना एकेकाला नाव घेऊन बोलवायची: ये, मांडवात बस, जेव. सुरुवात सगळ्यांत जुन्या पितरापासून, शेवटचं नाव सगळ्यांत अलीकडे गेलेल्याचं. लहानपणी माझ्या अंगावर काटा यायचा. पुढे पुस्तकं हातात आली आणि मी ह्याच सगळ्याविरुद्ध उभी राहिले. माझं पहिलं भाषण श्राद्धाविरुद्ध होतं, आमच्याच गावात, शाळेच्या ओट्यावर. आई पहिल्या रांगेत बसली होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "आवाज माजा घेतलास. बोलवाचा कोनाला, ते न्हाय शिकलीस."

हॉलच्या कोपऱ्यात, छताच्या खाली, कॅमेरा बसवून घेतला. फोनवर घर दिसतं, आणि मी कुठूनही बोलले तरी माझा आवाज घरात येतो. श्रावणापासून माझे दौरे सुरू होतायत. मी नसले तरी ह्या घरात अबोला नसेल.

२८ जुलै, सोलापूर

आज पहिल्यांदा कॅमेऱ्यातून बोलले. सभागृहाच्या मागे पायरीवर बसून फोन उघडला. आई सोफ्यावर, बाबा आत झोपलेले. मी म्हटलं, "आई, दुपारची गोळी घेतलीस का?"

आई ताडकन उभीच राहिली. दाराकडे बघितलं. स्वयंपाकघरात जाऊन आली. पडदा उचलून मागे बघितलं. मग हळूच म्हणाली, "उरमे? कय हायस गो?"

"इथेच आहे, आई. कोपऱ्यात. वर बघ."

तिने वर बघितलं. मला हसू आवरेना. "गोळी घे, पाणी पी, आणि तो पंखा बंद करू नकोस. कळलं?"

तिला धीर आला असावा. ती खाली बसली. सोफ्यावर नाही, जमिनीवर.

संध्याकाळचं व्याख्यान फार रंगलं.

६ ऑगस्ट

दोन दिवसांसाठी घरी आले, तर कॅमेऱ्यावर बाबांचा पंचा.

"बाबा, हे काय?"

"धूल बसते."

"बाबा."

मग म्हणाले, "तू यं असतेस तवा बोल. नसतेस तवा नको बोलू."

मिठागरात जन्म काढलेल्या माणसाला यंत्राची भीती वाटणार, मी समजू शकते. पण भीतीला शरण जायचं की तिच्याशी भांडायचं? मी त्यांना सांगितलं, जगभर म्हातारी माणसं बंद खोल्यांमध्ये मुकी होऊन मरतायत, आवाज ही भाकरीइतकीच गरज आहे, आणि ज्या घरात मुलं बोलत नाहीत ते घर नाही, धर्मशाळा आहे. मी पाठमोरी होऊन बोलत होते, चहा गाळत. वळून बघितलं तर ते उठून बाल्कनीत गेले होते.

पंचा धुवायला टाकला.

एक गंमत. स्वयंपाकघरातून मी आईला म्हटलं, "आई, चहा घे." ती माझ्याकडे पाठ करून, मान वर करून, कोपऱ्याकडे बघत म्हणाली, "घेतंय."

१९ ऑगस्ट, नांदेड

दिवसभराच्या कामाला पिंकी ठेवलीय. काशीमीऱ्याकडे राहते, तोंडाने फटकळ, फोनमधून डोकं वर काढत नाही, पण आईचं जेवण होतंय. मी विचारलं, "कसं जमवतेस गं? माझ्याकडून तर चार घाससुद्धा खात नाही."

"सिंपल है मॅडम. मैं बोलती हूँ, आजी खाओ, नहीं तो ऊपरवाली बोलेगी. फटाफट खा लेती है."

"ऊपरवाली म्हणजे?"

"तुम्हीच ना मॅडम!" आणि खळखळून हसली.

मीही हसले. माझ्या नुसत्या नावाने आई जेवते, ह्याहून मोठं प्रमाणपत्र कोणतं? आता मी रोज तिन्ही वेळा बोलते. सकाळी उठवते, दुपारी जेवायला सांगते, संध्याकाळी वर्तमानपत्रातलं काही वाचून दाखवते. कधी वेळ उरला तर उद्याच्या भाषणाचा सरावही तिच्यासमोर करते. ती न हलता ऐकते. असा श्रोता महाराष्ट्रात दुसरा नाही.

३१ ऑगस्ट

दोन कार्यक्रमांच्या मधला एक दिवस घरी. पराग गणपतीचे मोदक घेऊन आला. चप्पल काढायच्या आधीच म्हणाला, "आई बारीक झाली."

"डोळे तपासून घे. तिचं सगळं वेळच्या वेळी चाललंय."

"तुझ्या भाषणात आई मस्त दिसते, ताई. व्हिडिओ बघतो ना मी. घरी जरा बारीक वाटतेय, एवढंच."

"तुझ्या अंधाऱ्या खोलीत होती तेव्हा बरी होती वाटतं?"

"अंधार होता. पण ती घाबरत नव्हती."

मी त्याला उत्तर दिलं. काय दिलं ते आता आठवत नाही, पण तो मोदकाचा डबा ठेवून निघून गेला. आपल्याकडे मुलगा ताट देतो आणि त्याला वाटतं फेड झाली. मुलीने काही करावं तर त्यात खोट काढायला सगळ्यांच्या आधी तोच हजर.

दुपारी आईशेजारी बसले होते. तिने माझा हात हातात घेतला, दाबून बघितला, उलटा केला, गालाला लावला. मग डोळे मोठे करून बाबांना म्हणाली, "अवं, हात गरम हाय हिचा!"

बाबांनी मान फिरवली.

मला ताप आहे असं तिला वाटलं असणार. मोजला. नव्हता. माझी काळजी करण्याइतकी ती अजून शाबूत आहे, हे बघून बरं वाटलं.

२१ सप्टेंबर, अकोला

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

सर्वपित्री अमावास्या. बाबांनी पान ठेवायचा हट्ट धरला होता, आणि मी ह्या वेळी वाद घातला नाही. म्हाताऱ्या माणसाला त्याची सवय परत देणं हाही जगण्याचा दर्जा सुधारण्याचा भाग आहे, असं मी स्वतःला समजावलं. दुपारी सभागृहाकडे जाताना गाडीत फोन उघडला. चित्र अडकत होतं, आवाज तुटत होता. बाल्कनीच्या दाराशी केळीचं पान, त्यावर भात, वडे, भाजी. आई पानापुढे मांडी घालून बसलेली. आणि ती गात होती! कित्येक वर्षांत ऐकला नव्हता तो आवाज, खोल विहिरीतून वर येणारा. नावं तुटत तुटत ऐकू येत होती. आजोबांचं ऐकू आलं, मग थोरल्या काकीचं, मग नेटवर्कच गेलं.

परत आलं तेव्हा आई थांबली होती. श्वास घेत होती. मग माझं नाव घेतलं तिने, स्पष्ट, पूर्ण: "उर्मिला, ये. ये गो बाय. बस, जेव."

आणि गाणं संपलं.

जिला परवा स्वतःचं नाव सांगता आलं नाही, तिला माझं नाव आठवलं. मला जेवायला बोलावलं. मी गाडीत रडले. ड्रायव्हरने विचारलं, काय झालं मॅडम? मी म्हटलं, आईने हाक मारली.

बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांनाही भरून आलं असेल.

मी कॅमेऱ्यातून म्हटलं, "येते हं आई. जेवायला येते."

आईने दोन्ही हात जोडले.

१ ऑक्टोबर, पुणे

ज्येष्ठ नागरिक दिनाचा मुख्य कार्यक्रम. सभागृह भरून लोक भिंतीला टेकून उभे होते. सगळं ठरवलेलं बाजूला ठेवलं आणि अकोल्याच्या त्या दुपारची गोष्ट सांगितली. म्हटलं, "आईवडिलांशी बोला! फोनवर बोला, भिंतीतून बोला, पण बोला! विसरलेल्या आईच्या ओठांवर तुमचं नाव परत येईल!" पहिल्या रांगेतले आजोबा शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होते.

बाहेर आले तर पिंकीचे बरेच फोन येऊन गेलेले.

"मॅडम, आजी खाना नहीं खा रही है. कितने दिन से."

"म्हणजे? मी रोज ताट बघतेय तिच्यासमोर!"

"ताट रखती हूँ ना. वो उठाके बाल्कनी में रखती है. मुझे लगा नवरात्र का उपवास होगा. आज चक्कर आके गिर गई."

२ ऑक्टोबर

सकाळी काशीमीऱ्याच्या नाक्यावर बसमधून उतरले आणि रिक्षा करून घरी आले. आई पडून होती. गालांची हाडं वर आलीत. मनगट माझ्या दोन बोटांच्या चिमटीत मावतंय. कॅमेऱ्यात हे का दिसलं नाही? कॅमेरा वरून दाखवतो. वरून माणसाचं डोकं दिसतं, साडी दिसते.

"आई, मी आले."

तिने डोळे उघडले. माझं तोंड तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. तिने माझ्या खांद्यावरून वर, कोपऱ्यात बघितलं आणि म्हणाली, "आयलीस? मंग घास का घेत न्हायस?"

"आई, इकडे बघ. ही मी."

"बोलतेस खरी. जेवत न्हायस. राग गेला न्हाय काय गो तुजा?"

बाल्कनीत केळीच्या पानावर भाताचा ढीग, सुकून कडक झालेला. जाळीतून वारा येत होता. कावळा कुठून येणार?

४ ऑक्टोबर

बाबांनी आज सांगितलं. मी चहा घेऊन गेले, तेव्हा ते म्हणाले, "बस. आनि मदी बोलू नको."

बसले.

"ती तुला मेलेली समजते."

मी तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"मानूस दिसत न्हाय, आवाज येते. वरून. गोली घे, पानी पी, ऊठ, बस. तिच्या हिशोबानं असं कोन बोलते? ती आधी भ्याली. रोज भ्याची. मी पंचा टाकला, तू काढलास. मग तिनं तिचं काम केलं. जे तिला येते ते. पान वाढलं, नावानं बोलावलं. सगल्यांच्या शेवटाला तुजं नाव घेतलं. आता पानाला कावला शिवला न्हाय. जोवर पोर जेवत न्हाय, तोवर आय जेवेल काय?"

"तुम्ही तिला सांगितलं नाहीत? मी जिवंत आहे म्हणून?"

"सांगितलं. ती बोलली, मग दाखवा. तू नांदेडला होतीस."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. मीठ पिकलं का हे बघताना बघायचे, तसं.

"तू बोलून झालीस की ते बंद होते ना. त्यात आपून बोलाचा कवा?"

६ ऑक्टोबर

कॅमेरा काढून टाकला. खुर्चीवर चढून स्वतः काढला, वायरसकट. भिंतीत दोन भोकं राहिली. आईला हाताला धरून तिथे नेलं, दाखवलं, की बघ, काही नाही. ती भोकांकडे बघत होती.

दुपारी मी आतल्या खोलीत होते. आईचा आवाज आला. बोलत होती, थांबत होती, परत बोलत होती.

"हां, घेतली."

थांबली.

"पंखा चालूच हाय गो."

थांबली.

"पेपरान काय आलाय आज?"

मी दाराच्या फटीतून बघितलं. कोपऱ्याकडे मान वर करून ती ऐकत होती. मी दोन महिने ज्या वेळी जे विचारायचे, त्या वेळी तेच कुणीतरी तिला विचारत होतं, आणि ती उत्तर देत होती. मी भूत मानत नाही. आयुष्यभर हजारो लोकांसमोर छातीठोकपणे सांगितलंय, भूत नसतं. आज माझ्याच घरात, माझ्याच आवाजात ते बोलतंय. त्याचं अर्धं संभाषण मला ऐकू येतं, आणि राहिलेलं अर्धं मला पाठ आहे.

मी न राहवून ओरडले, "आई! मी इथे आहे!"

तिने कोपऱ्याला सांगितलं, "ओरडू नको बाय. ऐकतंय मी."

९ ऑक्टोबर

डॉक्टर घरी येऊन सलाइन लावून गेले. म्हणाले, सोमवारपर्यंत तोंडाने जेवल्या नाहीत तर नाकातून नळी. आई नळी उपसून काढणार, हे त्यांनाही माहीत आहे. म्हणजे हात बांधणं आलं.

परागला फोन केला. तो भांडेल असं वाटलं होतं. तो नुसता म्हणाला, "रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो. केंद्रात बोलून ठेवतो."

"पराग, थोडे दिवस..."

"ताई, तू आता बोलू नको ना. प्लीज."

इतक्या हळू आवाजात तो माझ्याशी कधी बोलला नव्हता.

मी आईला समजावते. रोज समजावते. तुझी उर्मिला जिवंत आहे, हा बघ हात, हे बघ आधार कार्ड. जितकं समजावते तितकी ती कोपऱ्याकडे वळते. माझा आवाज माझ्या तोंडातून येतो, हे तिच्या डोळ्यांना पटतच नाही. आवाज वरचा आहे. आणि ही खाली उभी असलेली बाई कोणीतरी शेजारची आहे, ओठ हलवणारी.

संध्याकाळी एका संस्थेचा फोन आला, दिवाळीनंतरच्या व्याख्यानासाठी. मी बोलायला लागले आणि आतून आईची "हां, हां" ऐकू आली. फोन ठेवून दिला.

१० ऑक्टोबर

कात्रीने बाल्कनीची जाळी कापली. मी, उर्मिला पाटील, कावळ्यासाठी.

बाबा ताजं पान घेऊन आले, आईने भात मांडला. आम्ही तिघं आत बसून वाट बघत होतो. कावळे समोरच्या इमारतीच्या टाकीवर बसले होते, इकडे यायला तयार नव्हते. आली ती कबुतरं. मी म्हटलं, "बाबा, शिवलं ना?"

"कबूतर चालत न्हाय."

"का नाही चालत? पक्षीच तो!"

"तू आता कबुतराचं भाषन नको देऊ," बाबा म्हणाले, आणि मला हसू आलं, आणि बाबांनाही आलं, आणि दोघांचंही एकदम थांबलं, कारण आई पान उचलून कबुतरांच्या चोचींमधून भात वाचवत होती. "पोरीचा हाय," म्हणत होती. "पोरीचा हाय तो."

११ ऑक्टोबर

आज मी बोलले नाही.

ठरवून नाही. सकाळी उठले आणि तोंड उघडायची भीती वाटली. आईचे केस विंचरले, पाठ पुसली, नखं कापली. गप्प राहून. ती कोपऱ्याकडे एकदाही बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. दुपारी बाबांना म्हणाली, "ही बाई चांगली हाय. मुकी हाय काय?"

बाबा म्हणाले, "हां."

"बिचारी," आई म्हणाली, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "माजी पोर लय बोलाची."

पण जेवली नाही. पान बाल्कनीत, ती पानाशी. उद्या रविवार.

१२ ऑक्टोबर

बाबांनी सकाळीच भात लावला. उत्तनच्या कोळणीकडून कधीतरी आणून माझ्यापासून लपवून ठेवलेली सुकट काढली आणि तव्यावर परतली. घरभर वास. मी काही म्हटलं नाही. आईने पान मांडलं. भात, सुकट, कडेला मीठ. भिंतीला धरत धरत बाल्कनीत गेली आणि पानापुढे बसली. ओठ हलत होते. शेवटचं नाव मला ओठांवरून वाचता आलं.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. परागची गाडी मी ओळखते.

मी बाल्कनीत गेले. पानाच्या पलीकडे, आईच्या समोर मांडी घालून बसले. ज्या विषयावर मी आयुष्यभर बोलले तो विषय माझ्यासमोर केळीच्या पानावर वाढलेला होता, आणि पान माझ्याच नावाचं होतं.

घास घेतला.

आई बघत होती. तिने अडवलं नाही. मी दुसरा घास घेतला. भात गरम होता, सुकट खारट, बाबांनी मीठ हात सोडून घातलं होतं. मी मान खाली घालून सगळं संपवलं, पानावरचं शीतसुद्धा ठेवलं नाही. जेवता जेवता एकदा ठसका लागला तेव्हा आईने पाण्याचा तांब्या पुढे केला.

पान रिकामं झालं. आईने त्यावरून हात फिरवून बघितला. मग मान वर केली, कोपऱ्याकडे नाही, बाहेर, कापलेल्या जाळीतून दिसणाऱ्या आभाळाकडे.

"जेवलीस?" ती म्हणाली. "पोट भरला?"

मी मान खालीच ठेवली.

"मंग जा आता. लय बोललीस बाय. दमलीस." आणि थोड्या वेळाने, अगदी घरगुती आवाजात, "परत नको येऊ."

बाबा दाराशी उभे होते. त्यांनी तोंडावर पंचा धरला होता. बेल वाजली, ते उघडायला गेले नाहीत.

आईने भाताचं पातेलं स्वतःकडे ओढलं. रिकाम्या पानावरच वाढून घेतलं. पहिला घास कालवायला तिला फार वेळ लागला. मग खाल्ला. दुसरा खाल्ला. ती चावत होती तो आवाज मी ऐकत होते, आणि असं लक्ष देऊन मी कुणालाही कधी ऐकलेलं नाही.

तिसरा घास हातात घेऊन ती थांबली. माझ्याकडे नीट, निवांत बघितलं, जसं कोणी मांडवात नव्याने आलेल्या पाहुणीकडे बघतं.

"आनि तू गो? तू कोनाची?"

नाव सांगायला मी तोंड उघडलं, आणि तिने त्यात घास घातला.